थेट विक्री : सौंदर्यप्रसाधनांचा व्यवहार आणि मैत्रीचा भार

भोपाळ : मराठी घरांतील हळदीकुंकू असो वा महिन्याची भिशी, वाणाच्या जोडीला क्रीम, लिपस्टिक आणि शाम्पूंचे सूचिपत्रकही हल्ली हातोहात फिरते. विकणारी बहुधा मैत्रीण किंवा नात्यातली असल्याने नकार देणे जड जाते. दुकानाला वगळून थेट ग्राहकापर्यंत माल पोहोचवण्याच्या या पद्धतीला ‘थेट विक्री’ म्हणतात.

ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतील फिरते पुस्तकविक्रेते डेव्हिड मॅकोनेल यांनी १८८६ साली अत्तरांची कंपनी काढून घरोघरी विक्रीसाठी स्त्रियांना नेमले. तीच पुढे ‘एव्हॉन’ झाली. भारतात १९९५ साली स्वीडनची ‘ओरिफ्लेम’ आली, तर १९९८ साली ‘ॲम्वे’ने व्यवसाय आरंभला. घर सांभाळून, दुकान न थाटता चार पैसे मिळवण्याची संधी हे या व्यवसायाचे आकर्षण आजही टिकून आहे.

साखळी कुठे अडते?

विक्रेतीचे उत्पन्न दोन वाटांनी येते : स्वतः विकलेल्या मालावरील नफा आणि तिने जोडलेल्या विक्रेत्यांच्या विक्रीवरील कमिशन. माल खऱ्या ग्राहकापर्यंत पोहोचतो, तोवर हे व्यवहाराला धरून असते. मात्र केवळ नवे सभासद जोडण्याबद्दल पैसे मिळू लागले, की ती ‘पिरॅमिड योजना’ ठरते.

तिचे गणित मुळातच अशक्य आहे. एकीने पाच जणींना जोडले आणि त्या प्रत्येकीने आणखी पाच, तर नवव्या पायरीवर १९,५३,१२५ जणी लागतील. २०११च्या जनगणनेनुसार भोपाळ शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख होती. म्हणजे शहरातील आबालवृद्ध सभासद झाले, तरी ही एक पायरी भरत नाही. शेवटी आलेल्यांच्या वाट्याला न विकलेले डबे आणि दुरावलेले संबंध उरतात.

कायदा काय सांगतो?

पैशांच्या साखळी योजनांवर १९७८च्या कायद्याने बंदी आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २८ डिसेंबर २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांनाही मनाई केली. कंपनीला विक्रेत्याकडून प्रवेश वा नोंदणी शुल्क घेता येत नाही. दोघांत लेखी करार हवा. भारतात किमान एक प्रत्यक्ष कार्यालय आणि तक्रार निवारण अधिकारी असणे बंधनकारक आहे. ओळखपत्र आणि पूर्वपरवानगीविना विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जाऊ नये, असेही नियम सांगतात.

घेताना, जोडले जाताना

प्रसाधनाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत पाहावी, पावती मागावी. सभासद होण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : पुढे कोणालाही जोडले नाही, तर निव्वळ विक्रीतून किती मिळेल? उत्तर टाळले गेले, तर सावध व्हावे. प्रारंभीच मोठा साठा घेण्याचा आग्रह हीदेखील धोक्याची खूण होय.

फसगत झाल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध असून जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. मैत्रिणीकडून क्रीम घेण्यात गैर काही नाही. परंतु ती क्रीमसाठी घ्यावी, भिडेखातर नव्हे.