तेलविहिरीवरचे इंजिन

श्रोतेहो, मळ्यातल्या विहिरीवर धडधडणारे डिझेल इंजिन तुमच्या ओळखीचे आहे. त्याचाच थोरला भाऊ तेलविहिरी खोदतो, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानी येते.

१८५९ साली अमेरिकेत टायटसव्हिल येथे ड्रेकने सुमारे ७० फूट खोल तेलविहीर खोदली, ती वाफेच्या इंजिनावर. वाफ म्हटली की बॉयलर आला, आणि त्याच्यामागे पाणी अन् सरपण आले. ओसाड माळावर ते आणायचे कोठून? १८९७ साली रुडॉल्फ डिझेलने जर्मनीत आउग्सबुर्गला नवे इंजिन यशस्वी करून दाखवले. हवा इतकी दाबायची, की ती तापून तेल आपोआप पेटावे. ना ठिणगी, ना बॉयलर. पुढे विसाव्या शतकात तेलविहिरींवर वाफेची जागा डिझेलने घेतली.

तेथे त्याला उसंत नाही. गिरमिटाचे नळ फिरवायचे, वर ओढायचे, शिवाय चिखलाचा काला खाली रेटायचा. हा काला गिरमिट थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि खालचा वायू दाबून धरतो. पंप बंद पडला, तर नळ अडकतात. वायू उसळला, तर माणसांच्या जिवावर बेतते. म्हणून जोडीला दुसरे इंजिन सज्ज ठेवतात.

आपल्या इंजिनात डिझेल ओताल, तेव्हा त्या थोरल्या भावाची आणि त्याच्यापाशी रात्रभर जागणाऱ्या माणसांची आठवण ठेवा.