विरघळणारा साका

अंड्याचा पांढरा बलक तापवला की गोठतो. मग तो कितीही उकळा, पुन्हा पातळ होत नाही. वर्गात हे सहज दाखवता येते. बहुतेक प्रथिने अशीच वागतात. म्हणूनच १८४५ साली लंडनच्या हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरांकडे तपासणीसाठी आलेली लघवी विलक्षण ठरली. तिच्यातला साका तापवल्यावर विरघळे आणि थंड होताच पुन्हा दिसू लागे. रुग्णाची हाडे ठिसूळ झाली होती. १८४६च्या पहिल्याच दिवशी तो दगावला. अशा हाडांच्या विकारात हे प्रथिन अवश्य शोधावे, असे जोन्स यांनी लिहून ठेवले.

हे प्रथिन म्हणजे नेमके काय, हे कळायला मात्र शंभरांहून अधिक वर्षे लागली. १९६२ साली अमेरिकेत एडेलमन आणि गॅली यांनी ते उलगडले. रोगजंतूंशी लढणाऱ्या प्रतिपिंडात जड आणि हलक्या साखळ्या असतात. जोन्स यांचे प्रथिन म्हणजे सुट्या पडलेल्या हलक्या साखळ्या! अस्थिमज्जेतील एकाच पेशीची संतती बेसुमार वाढली, की एकाच साच्याची प्रतिपिंडे किंवा त्यांचे तुकडे रक्तात येत राहतात. मूत्रपिंडाच्या गाळणीत ते साचतात आणि ती निकामी करतात.

मग मूत्रपिंडच बदलले तर? भारतात तसा पहिला प्रयत्न १९६५ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात झाला, तर पहिले यश १९७१ साली वेल्लोरला मिळाले. आज पुण्यातही अशा शस्त्रक्रिया होतात. परका अवयव शरीराने नाकारणे ही अडचण आपल्याला ठाऊक आहे. इथली अडचण निराळी आहे. सदोष प्रथिनांचा कारखाना अस्थिमज्जेत चालूच राहतो आणि नव्या मूत्रपिंडाचीही जुन्यासारखीच गत होऊ शकते.

कित्येकदा या पेशी इतक्या थोड्या असतात, की त्याला कर्करोग म्हणता येत नाही. म्हणून पूर्वी त्यांच्याकडे दुर्लक्ष होई. २०१२ साली तज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळे नाव दिले आणि उपचारांची गरज मांडली. आता आधी औषधांनी त्या पेशी आटोक्यात आणायच्या, मगच प्रत्यारोपण, असा क्रम योग्य मानला जातो.

पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नाव नोंदवून रुग्ण मूत्रपिंडाची वाट पाहत असतात; कुणाला आईच आपले देते. असे दान वाया जाऊ नये, तर त्याआधी रक्ता-लघवीतले हे प्रथिन शोधायलाच हवे. जोन्स यांची सूचना अजून जुनी झालेली नाही.