काटे बघा, मग कुऱ्हाड उचला

जोधपूरकडं बाजरीच्या ऐन पिकात काटेरी झाडं उभी दिसतात, अन् शेतकरी ती राखतात. वेडी बाभूळ म्हणावी तर फांदी हातात घेऊन बघितली. तिचे काटे पानाच्या बुडाशी, बहुतेक जोडीनं. याचे काटे बारके, दोन पेरांच्या मधे विखुरलेले. ही खेजडी. म्हणजे आपली दसऱ्याची शमी, सौंदड.

१७३० साली जोधपूर दरबाराला महालासाठी चुना भाजायचा होता. सरपणाला खेजडली गावची झाडं तोडायला माणसं आली. अमृतादेवी अन् बिश्नोई मंडळी झाडांना कवटाळून उभी राहिली. ३६३ जणांचा जीव गेला.

त्याच जोधपूर संस्थानानं १९४० मध्ये वेड्या बाभळीला शाही झाडाचा मान दिला! ही अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकात इकडं आणलेली. वाळू अडते, सरपण मिळतं, हा हिशोब. पुढं तिनं गायरानंच्या गायरानं गिळली.

खेजडीची मुळं खोल पाण्याला जातात, खाली बाजरी जोमानं येते. पाला शेळ्या-उंटांना, कोवळ्या शेंगांची सांगरीची भाजी. १९८३ मध्ये राजस्थाननं तिला राज्यवृक्ष केलं.

लांबून दोन्ही झाडं सारखीच वाटतात. एक पीक पोसतं, दुसरं रान बळकावतं. म्हणून बांधावर अनोळखी काटेरी झाड दिसलं, तर आधी काटे कुठून फुटलेत ते बघा.