सानपाड्याचं उघडं वायफाय

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबाद साखळी स्फोटांनी हादरलं. ५६ जणांचा जीव गेला. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला आणि ते थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोहोचले. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाची चौकशी झाली, संगणक ताब्यात गेले. पण ईमेल त्याने पाठवलाच नव्हता. त्याचं असुरक्षित वायफाय भलत्याच कुणीतरी वापरलं होतं.

असं का होतं? राउटरला जोडलेले सगळे फोन बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. तो पत्ता त्या वेळी कोणाच्या कनेक्शनवर होता, याची नोंद इंटरनेट कंपनीकडे असते. म्हणजे कृत्य कुणाचंही असो, पहिलं नाव निघतं बिल भरणाऱ्याचं. आणि वायफायच्या लहरी काही भिंतीपाशी थांबत नाहीत.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये, दिल्ली स्फोटांच्या वेळी, चेंबूरच्या एका कंपनीचं नेटवर्क असंच वापरलं गेलं. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत रस्त्यांवर फिरू लागले. पाठोपाठ दूरसंचार विभागानेही वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना काढल्या.

कुलपंही बदलत गेली. १९९७ चं 'वेप' २००१ मध्येच संशोधकांनी फोडून दाखवलं. २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए२' आलं, २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए३'.

सानपाड्याहून पनवेल ओलांडलं की पेण, पुढे रोहा. आता इथेही घरोघरी राउटर आहेत. पेणच्या कुंभार आळीत गणपतीच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, रोह्यात धाटावच्या कारखान्यातला पगार फोनवरच दिसतो. आळीत पासवर्ड मागितला तर नाही म्हणवत नाही, आणि एकाला दिलेला पासवर्ड आठवड्यात चौघांकडे जातो.

शेजारधर्म जरूर पाळा, पण पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट नेटवर्क' सुरू करा. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा ३ निवडा. पासवर्ड लांब ठेवा. मोबाइल नंबर नको. राउटरच्या सेटिंगचा कंपनीने दिलेला पासवर्डही बदला, नाहीतर आत आलेला माणूस कुलूपच बदलून टाकेल.

दहा मिनिटांचं काम आहे. सानपाड्यातल्या त्या माणसाला मात्र आपण निर्दोष आहोत हे पटवायला कितीतरी दिवस लागले.