नवी नोंद की जुनी?

2001 साली गॅविन किंग यांनी ‘हायबरनेट’ लिहायला घेतले, तेव्हा जावाचे प्रोग्रामर एंटिटी बीन्सच्या जंजाळाला कंटाळले होते. ऑब्जेक्ट साधा ठेवायचा आणि टेबलात त्याची ओळ लिहिण्याचे काम लायब्ररीवर सोपवायचे, ही किंग यांची कल्पना झपाट्याने रुजली. मात्र लायब्ररीला दर वेळी एक गोष्ट ठरवावी लागे: हा ऑब्जेक्ट नवा की टेबलात आधीपासून असलेला? नव्यासाठी इन्सर्ट, जुन्यासाठी अपडेट. निर्णय चुकला की एक तर प्रायमरी की आडवी येते, नाहीतर अपडेट एकाही ओळीला लागत नाही.

हायबरनेटच्या ‘सेव्हऑरअपडेट’ने हा निवाडा मुख्यतः आयडी पाहून केला. आयडी रिकामा, म्हणजे ऑब्जेक्ट नवा. पण जावातला ‘लाँग’ जातीचा साधा आकडा रिकामा राहूच शकत नाही, तो शून्यापासून सुरू होतो. म्हणून मॅपिंगच्या एक्सएमएलमध्ये ‘अनसेव्ह्ड-व्हॅल्यू’ शून्य असल्याचे लिहावे लागे. तिसऱ्या आवृत्तीपासून हे बहुतेक आपोआप कळू लागले.

या हिशेबामागे एक गृहीतक होते. आयडी डेटाबेस देतो, तोही ओळ लिहिताना.

यूयूआयडीने ते मोडले. असा आयडी प्रोग्राममध्येच तयार होतो, त्यामुळे ऑब्जेक्ट डेटाबेसपर्यंत पोचण्याआधीच त्याच्याकडे ओळख असते आणि रिकाम्या आयडीची खूण निकामी ठरते. पायथॉनच्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये हा बदल स्पष्ट दिसतो. आयडी भरलेला असेल तर जँगो आधी सिलेक्ट करून ओळ आहे का ते पाही. 2013 च्या 1.6 आवृत्तीपासून तो थेट अपडेट करून पाहू लागला आणि ओळ सापडली नाही तरच इन्सर्ट. यूयूआयडी असलेल्या प्रत्येक नव्या नोंदीला मग एक फुकटची क्वेरी पडे.

जावाच्या जेपीए या 2006 च्या मानकाने नव्यासाठी ‘पर्सिस्ट’ आणि जुन्यासाठी ‘मर्ज’ असे वेगळे ठेवले होते, आणि ही वाट अधिक प्रामाणिक होती. ऑब्जेक्ट कुठून आला हे तो घडवणाऱ्या कोडला ठाऊक असते, मग ते त्यानेच सांगावे. हायबरनेटच्या सातव्या आवृत्तीत ‘सेव्हऑरअपडेट’ सेशनमधून काढून टाकण्यात आले. जँगोने 2019 मध्ये, 3.0 आवृत्तीत, प्रायमरी कीला डिफॉल्ट असलेला नवा ऑब्जेक्ट थेट इन्सर्ट करायला सुरुवात केली. जुनी ओळ बदलण्यासाठी नवा ऑब्जेक्ट घडवून सेव्ह करणाऱ्यांच्या हाती तेव्हापासून इंटिग्रिटी एरर येऊ लागली. त्यांच्यासाठी ‘अपडेट-ऑर-क्रिएट’ ही वेगळी मेथड होतीच.