विद्यापीठाची रंगभूमी : ब्रिस्टलचा प्रयोग



मे १९५७ मध्ये इंग्लंडच्या पश्चिमेकडील ब्रिस्टल शहरात एका नवख्या लेखकाची पहिली एकांकिका रंगमंचावर आली. त्या जागेला नाट्यगृह म्हणण्याचे धाडस कोणी केले नसते. स्क्वॉश नावाचा चेंडूफळीचा खेळ खेळण्यासाठी बांधलेली ती बंदिस्त जागा होती. असे कोर्ट सुमारे ३२ फूट लांब आणि २१ फूट रुंद असते. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मंगल कार्यालयाच्या दालनापेक्षाही लहान. विद्यापीठाच्या नाट्यविभागाने ती जागा आपली रंगशाळा म्हणून वापरात घेतली होती. लेखकाचे नाव हॅरॉल्ड पिंटर, आणि एकांकिका ‘द रूम’. ४८ वर्षांनी, २००५ साली, याच लेखकाला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पिंटरची थोरवी सांगण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. ज्या जागेने त्याला पहिला प्रयोग दिला ती जागा कशी निर्माण झाली, तेथे जुनी आणि नवी नाटके एकाच छपराखाली कशी नांदली, आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

इंग्लंडमधील विद्यापीठांना नाटक अपरिचित होते असे नव्हे. केंब्रिजमध्ये १८८२ साली सोफोक्लिसचे ‘एजॅक्स’ मूळ ग्रीक भाषेत रंगले. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी १८८५ साली आपली नाट्यसंस्था काढली. परंतु हा सारा संध्याकाळचा उद्योग. सकाळी वर्गात नाटक वाचायचे ते काव्य म्हणून, आणि परीक्षेत उतरायचे ते अवतरण म्हणून. नाटक उभे करणे हाही अभ्यासच आहे, ही गोष्ट विद्वानांच्या गळी उतरत नव्हती. अमेरिकेतही तीच कथा. हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर हे प्राध्यापक नाट्यलेखन शिकवीत. यूजीन ओनील हा त्यांच्या वर्गात बसून गेलेला विद्यार्थी. तरीही हार्वर्डने त्यांना हवे तसे नाट्यगृह दिले नाही, आणि १९२५ साली बेकर येल विद्यापीठात निघून गेले. विद्यापीठाला नाटक हवे असते. नाटकाबरोबर येणारे सुतारकाम, रंगाचे डबे आणि रात्रीच्या तालमी मात्र नको असतात!

ब्रिस्टलमध्ये ही अढी कशी सुटली? त्या शहरात किंग स्ट्रीटवर १७६६ साली उघडलेले थिएटर रॉयल उभे होते. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब पडले. त्यातून ही वास्तू वाचली, आणि लगेच तिच्यावर विक्रीची वेळ आली. नागरिकांनी पुढाकार घेऊन ती राखली, सरकारी साहाय्य मिळविले, आणि १९४३ मध्ये तिचा पडदा पुन्हा वर गेला. १९४६ साली तेथे ब्रिस्टल ओल्ड व्हिक ही नाटक मंडळी स्थापन झाली, आणि नट घडविणारी तिची शाळाही निघाली. या वातावरणात १९४७ साली ब्रिस्टल विद्यापीठाने नाट्यविभाग उघडला. ब्रिटनमधील विद्यापीठांत असा तो पहिलाच विभाग होय.

त्याची धुरा लवकरच ग्लिन विकॅम यांच्याकडे आली. नट घडविण्याची शाळा शेजारीच असल्यामुळे विभागाला ते काम करावयाचे नव्हते. मग करावयाचे काय? विकॅम यांचा स्वतःचा विषय मध्ययुगीन इंग्रजी रंगभूमी. गावच्या चौकात, गाड्यांवर, मेजवानीच्या दालनात जी नाटके होत, ती नुसत्या संहितेवरून कळत नाहीत. प्रेक्षक कोठे बसला होता आणि नट कोणत्या दाराने आला हे कळल्यावाचून संवादाचा अर्थच लागत नाही, हे त्यांना उमगले होते. त्यांच्या ‘अर्ली इंग्लिश स्टेजेस’ या ग्रंथाचा पहिला खंड १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्यातील विचार विद्यार्थी त्या लहानशा जागेत आधीपासून पडताळून पाहत होते. तेथे रंगमंच एका जागी खिळलेला नव्हता. आज प्रेक्षक समोर, उद्या तीन बाजूंनी, अशी मांडणी बदलता येई.

येथे आमच्या भाषेची एक गंमत ध्यानात घ्यावी. इंग्रजीत शास्त्रज्ञ जे करतो त्याला एक शब्द आहे आणि नट जे करतो त्याला दुसरा. मराठीत दोन्ही ‘प्रयोग’च. जे पटविण्यासाठी ब्रिस्टलच्या प्राध्यापकांना वाद घालावे लागले, ते आमच्या भाषेने पूर्वीच मान्य करून ठेवले आहे. रसायनाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा द्यावी आणि नाटकाच्या विद्यार्थ्याला केवळ पुस्तक द्यावे, हा न्याय कोणता?

आता पुन्हा १९५७ कडे वळू. हेन्री वूल्फ हा विभागातील पदव्युत्तर विद्यार्थी. त्याला एक नवी एकांकिका हवी होती. त्याचा शाळासोबती पिंटर तेव्हा ‘डेव्हिड बॅरन’ या नावाने फिरत्या कंपन्यांतून पोटासाठी भूमिका करीत होता. एका मेजवानीत पाहिलेले दृश्य त्याने मित्राला सांगितले होते: लहानशा खोलीत एक मनुष्य अखंड बोलत खाणे वाढतो आहे, आणि टेबलाशी बसलेला दुसरा धिप्पाड मनुष्य चकार शब्द काढीत नाही. वूल्फने त्यावर नाटक मागितले. सकाळी तालीम, रात्री प्रयोग आणि मधल्या दुपारी लेखन, असे करून पिंटरने चार दिवसांत ते लिहून काढले.

‘द रूम’मधील रोज आपल्या उबदार खोलीला घट्ट धरून बसली आहे. नवरा मुका राहून न्याहारी करतो. मग एक जोडपे येऊन सांगते की, रिकामी म्हणून सांगितलेली खोली हीच. शेवटी तळघरातून एक आंधळा मनुष्य येतो, तिला निराळ्याच नावाने हाक मारतो. नवरा त्याला मारतो, आणि रोजची स्वतःची दृष्टी जाते. यात कारणे दिलेली नाहीत, उलगडा नाही. व्यवसायी नाटकवाल्याने हे हस्तलिखित पहिल्या पानावरच मिटले असते. परंतु आंधळा येतो, नको असलेले सत्य घेऊन येतो, आणि ऐकणाऱ्याचीच दृष्टी हरपते, ही घटना ‘ईडिपस’ अभ्यासलेल्या विद्यार्थ्याला अगदीच परकी का वाटावी? हा संबंध आम्ही जोडतो आहो. पिंटरने तो सांगितला असा आमचा दावा नाही. पण जुन्या नाटकाने तयार झालेला डोळा नव्या नाटकाला लवकर ओळखतो, असे आम्हांस वाटते.

त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिस्टलमध्येच भरलेल्या विद्यार्थी नाट्यमहोत्सवात ही एकांकिका पुन्हा झाली. टीकाकार हॅरॉल्ड हॉब्सन यांनी तिची मुक्तकंठाने स्तुती केली. मायकेल कॉड्रन या निर्मात्याने पिंटरचे ‘द बर्थडे पार्टी’ हाती घेतले, आणि ते मे १९५८ मध्ये लंडनला आले. तेथे ते आठ प्रयोगांत आटोपले! दुपारच्या एका खेळाला नाट्यगृहात अवघी सहा माणसे होती. हॉब्सन यांचा अनुकूल अभिप्राय छापून आला तो रविवारी. नाटक आदल्याच दिवशी बंद पडले होते. बाजार नवीन नाटकाला एक आठवडा देतो. पिंटर तगला, याचे श्रेय अर्थात त्याच्या स्वतःच्या चिकाटीला. परंतु गल्ल्याचा हिशेब न मागणारी एक जागा त्याला आधी मिळाली नसती, तर तो आठवडाही त्याच्या वाट्याला आला असता की नाही, शंकाच आहे.

दुसरे उदाहरण जॉन आर्डन यांचे. १९५९-६० मध्ये विद्यापीठाने त्यांना नाट्यलेखनाची अधिछात्रवृत्ती देऊन बोलाविले. तेथे त्यांनी ‘द हॅपी हेवन’ लिहिले, आणि १९६० साली ते विभागाच्या रंगशाळेत झाले. वृद्धाश्रमातील डॉक्टर तारुण्याचे औषध शोधतो. म्हातारे ते औषध त्यालाच टोचतात आणि तो बालक होतो. विषय आजचा, परंतु नटांच्या तोंडावर मुखवटे, आणि रंगमंच मोकळा, पडद्यावाचूनचा. मुखवटा हे ग्रीकांचे आणि इटलीतील जुन्या प्रहसनांचे साधन; मोकळा रंगमंच शेक्सपिअरच्या काळाचा. जुन्याचे संशोधन जेथे चालते तेथेच नव्याला आपली हत्यारे सापडली. त्याच वर्षी हे नाटक लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये गेले.

आता घराकडे पाहू. महाराष्ट्रात हौशी रंगभूमीचा आधार १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा आणि पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक यांनी दिला. आमच्या महाविद्यालयीन मुलांचे नवे नाटक मुख्यतः स्पर्धेत जन्मले. स्पर्धेने उत्साह दिला, नवे लेखक दिले. ते ऋण मोठे आहे. परंतु स्पर्धेला निकाल असतो, आणि निकालाची नजर प्रयोगावर राहते. जुने नाटक पुन्हा उघडून पाहण्याची सवड तेथे कमी. ती सवड विद्यापीठच देऊ शकते. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र निघाले, आणि १९९६ ते २००९ या काळात त्याची धुरा सतीश आळेकरांसारख्या नाटककाराने वाहिली. मुंबई विद्यापीठात २००३ साली नाट्यकलेची अकादमी सुरू झाली. म्हणजे जागा आहेत. प्रश्न आहे तो आपण त्यांच्याकडून काय मागतो याचा.

तुमच्या विभागातून किती मुले मालिकांत गेली, असे आपण विचारतो. पोटाचा प्रश्न खोटा नाही. त्याला हसणाऱ्यांतले आम्ही नव्हे. परंतु यंदाच्या हंगामात तुम्ही कोणते जुने नाटक उघडले, आणि ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही अशा कोणाचे नाटक केले, हे आपण कधी विचारतो काय? नुसती अभिजात नाटके केली तर विभागाचे वस्तुसंग्रहालय होते. नुसती नवी केली तर गेल्या वर्षीची तऱ्हा यंदा पुन्हा होते. दोन्ही एकाच हंगामात, त्याच मुलांनी, त्याच प्रेक्षकांपुढे केली पाहिजेत.

अशा हंगामातील बहुतेक नवी नाटके विसरली जातील. ब्रिस्टलमध्येही सारेच पिंटर निघाले नाहीत. प्रयोगशाळेत शंभर नळ्या फुटल्या म्हणून कोणी रसायनशास्त्र बंद करीत नाही. नाटकाच्या बाबतीत मात्र पहिल्याच फुटलेल्या नळीचा खर्च आपण मुलांकडे मागतो. ज्या दिवशी आपल्या एखाद्या विद्यापीठातील रंगशाळेत पन्नास खुर्च्यांपुढे एखादे अनोळखी नाटक पडेल, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना पुढच्या नाटकाची तालीम सुरू करता येईल, त्या दिवशी ‘प्रयोग’ या शब्दाचे दोन्ही अर्थ आम्ही खरे केले असे म्हणता येईल.