क्रीट बेटावर मुक्काम कुठे करावा : प्रदेशनिहाय संदर्भ

भूमध्य समुद्रातील बेटावर सुटी घालवण्याचे ठरले की बहुतेक कुटुंबे आधी हॉटेलांची छायाचित्रे पाहतात आणि नकाशा नंतर उघडतात. ग्रीसमधील क्रीट या बेटाच्या बाबतीत हा क्रम महागात पडतो. सांतोरिनीसारख्या लहान बेटावर कुठेही उतरले तरी दुसऱ्या टोकाला तासाभरात जाता येते. क्रीटमध्ये मुक्कामाचे गाव चुकले, तर आठवड्याच्या सुटीतील दोन-तीन दिवस केवळ रस्त्यावर खर्च होतात. बेटाचा कोणता भाग कोणासाठी, कोणत्या महिन्यात आणि किती रात्रींसाठी योग्य ठरतो, याचा हा आढावा.

बेटाचा आकार आणि त्याचे परिणाम

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे आणि भूमध्य समुद्रातील पाचव्या क्रमांकाचे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दुपटीहून अधिक आहे. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर असून रुंदी काही ठिकाणी ६० किलोमीटरपर्यंत, तर पूर्वेला येरापेत्राजवळ जेमतेम १२ किलोमीटर आहे. मुंबई ते सातारा या रस्त्याइतकी लांबी आणि तीही डोंगराळ, असे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की अंदाज येतो.

बेटाच्या मध्यातून डोंगरांची रांग जाते. पश्चिमेला लेफ्का ओरी म्हणजे श्वेत पर्वत, मध्यभागी प्सिलोरितिस आणि पूर्वेला दिक्ती. पहिल्या दोहोंची शिखरे २,४५० मीटरहून उंच आहेत. त्यामुळे शहरे, बंदरे, विमानतळ आणि मुख्य महामार्ग उत्तर किनाऱ्यालगत एकवटले आहेत. दक्षिण किनाऱ्यावर मात्र सलग रस्ता नाही. शेजारच्या गावी जाण्यासाठीही अनेकदा डोंगर चढून पुन्हा उतरावे लागते. बेटावर रेल्वे नाही. हान्या ते हेराक्लिओन हे सुमारे १४० किलोमीटरचे अंतर कापण्यास मोटारीने सव्वादोन ते अडीच तास लागतात. एकाच मुक्कामातून संपूर्ण क्रीट पाहण्याचा बेत येथेच फसतो.

प्रशासकीयदृष्ट्या बेटाचे पश्चिमेकडून पूर्वेकडे हान्या, रेथिम्नो, हेराक्लिओन आणि लासिथी असे चार भाग आहेत. मुक्कामाचा विचारही याच क्रमाने करणे सोयीचे ठरते.

हान्या : समुद्र आणि डोंगर

रोमन लिपीतील स्पेलिंगमुळे या शहराचा उच्चार अनेकजण ‘चानिया’ असा करतात. स्थानिक उच्चार ‘हान्या’ आहे. १९७१ पर्यंत क्रीटची राजधानी येथे होती. व्हेनिसच्या राजवटीतील बंदर, त्याच्या तोंडाशी असलेले दीपगृह आणि मागील अरुंद गल्ल्या हे शहराचे मुख्य आकर्षण होय.

एलाफोनिसी आणि बालोस हे क्रीटचे सर्वाधिक छायाचित्रित समुद्रकिनारे याच भागात आहेत. मात्र ते शहरालगत नाहीत. एलाफोनिसी हान्यापासून सुमारे ७५ किलोमीटर दूर असून वळणावळणाच्या घाटरस्त्याने तेथे पोहोचण्यास दीड ते दोन तास लागतात. बालोसला किसामोस बंदरातून बोटीने किंवा कच्च्या रस्त्याने जाऊन पुढे पायी उतरता येते. भाड्याच्या मोटारींच्या अनेक करारांत कच्च्या रस्त्यावरील नुकसान विम्याबाहेर ठेवलेले असते, ही बाब गाडी घेतानाच वाचून घ्यावी.

समारियाची घळ उतरायची असेल, तरीही हान्याच सोयीचे. ओमालोस पठारावर सुमारे १,२०० मीटर उंचीवर सुरू होणारी ही सुमारे १६ किलोमीटरची पायवाट दक्षिणेला आगिया रुमेली या किनारी गावी संपते. उतरण्यास पाच ते सात तास लागतात. आगिया रुमेलीला मोटारीचा रस्ता नसल्याने पुढे बोट आणि मग बस असा परतीचा प्रवास करावा लागतो. घळ साधारणपणे मे ते ऑक्टोबर या काळात खुली असते आणि अतिउष्णता किंवा पावसाच्या दिवशी बंद ठेवली जाते. हेराक्लिओनहून ही सहल एका दिवसात करता येते, परंतु पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात जातो.

जुन्या शहरातील घरे देखणी असली, तरी तेथे गाडी दारापर्यंत जात नाही, जिने उभे असतात आणि उद्वाहन क्वचितच असते. ज्येष्ठ सोबत असल्यास शहराच्या पश्चिमेकडील नेआ होरा किंवा आगिया मरिना या किनारी वस्त्या अधिक सोयीच्या.

रेथिम्नो : मधला मार्ग

हान्यापासून सुमारे ६० आणि हेराक्लिओनपासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेले रेथिम्नो एकाच ठिकाणी राहू इच्छिणाऱ्यांसाठी सर्वांत व्यवहार्य आहे. फोर्तेत्झा हा व्हेनेशियन किल्ला, जुने शहर आणि गावालाच लागून पूर्वेकडे पसरलेला सुमारे १२ किलोमीटरचा वाळूचा किनारा हे सारे पायी किंवा बसच्या टप्प्यात येते. लहान मुले आणि वाहन न चालवणारे प्रवासी यांची येथे चांगली सोय होते. तुर्की राजवटीविरुद्धच्या १८६६ च्या उठावामुळे क्रीटच्या इतिहासात अमर झालेला आर्कादी मठही जवळच आहे.

दोन्ही टोकांच्या मध्ये असणे हा रेथिम्नोचा गुण, तीच त्याची मर्यादा. एलाफोनिसी येथून दूर पडते आणि लासिथीचा पूर्व भाग तर एका दिवसाच्या सहलीत बसतच नाही.

हेराक्लिओन : इतिहासासाठी

सध्याची राजधानी असलेले हेराक्लिओन प्रथमदर्शनी गजबजलेले, काँक्रीटचे शहर वाटते. पर्यटक अनेकदा एका दिवसात ते उरकतात. मात्र ज्यांना मिनोअन संस्कृती पाहायची आहे, त्यांच्यासाठी याहून योग्य ठिकाण नाही. आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून उत्खनन केलेला क्नोसोसचा राजवाडा शहरापासून पाच किलोमीटरवर असून तेथे शहरबस जाते. तेथील मूळ भित्तिचित्रे आणि फेस्टोसची प्रसिद्ध मृत्तिका-चकती शहरातील पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. ‘झोर्बा’चे लेखक निकोस काझांत्झाकिस यांचे जन्मगाव हेच, शहराच्या व्हेनेशियन तटबंदीवर त्यांची समाधी आहे.

जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथे झालेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात मिनोअन राजवाड्यांच्या सहा स्थळांचा वारसा यादीत समावेश झाला. भारतातील मराठा लष्करी भूप्रदेशाचे बारा किल्ले याच अधिवेशनात यादीत दाखल झाले होते, हे मराठी वाचकांना स्मरत असेल. सहांपैकी क्नोसोस, फेस्टोस, मालिया आणि झोमिंथोस ही चार स्थळे हेराक्लिओनहून प्रत्येकी अर्ध्या दिवसाच्या सहलीत पाहता येतात. किदोनियाचे अवशेष हान्याच्या जुन्या शहरात, तर झाक्रोस बेटाच्या अतिपूर्व टोकाला आहे.

हेराक्लिओनच्या पूर्वेला हेरसोनिसोस आणि मालिया ही पर्यटनगावे आहेत. हॉटेले पुष्कळ आणि विमानतळ जवळ असल्याने सवलतीच्या सहलींत हीच नावे अधिक आढळतात. दोन्ही ठिकाणी उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो, आणि मालियाची ओळख तर प्रामुख्याने तरुण पर्यटकांच्या रात्रजीवनाचीच आहे. शांतता हवी असलेल्या कुटुंबांनी हेरसोनिसोसच्या वरच्या अंगाची कुतुलुफारी, पिस्कोपियानो ही गावे पाहावीत.

लासिथी : निवांत पूर्व

हेराक्लिओनपासून सुमारे ६५ किलोमीटरवर असलेले आगिओस निकोलाओस हे पूर्वेचे मुख्य शहर. शेजारच्या एलुंदा येथे बेटावरील सर्वांत महागडी हॉटेले आहेत. समोरच्या स्पिनालोंगा बेटावर व्हेनिसकरांचा किल्ला असून १९०३ ते १९५७ या काळात तेथे कुष्ठरुग्णांची वसाहत होती. एलुंदा, प्लाका आणि आगिओस निकोलाओस येथून बोटी सुटतात. आणखी पूर्वेला सितिया, वाईचे ताडवन आणि झाक्रोस आहेत. येथे गर्दी कमी आणि अंतरे मोठी. स्वतःचे वाहन नसेल तर आगिओस निकोलाओसच्या पुढे मुक्काम करू नये.

दक्षिण किनारा : एकांत आणि त्याची किंमत

पालेओहोरा, लुत्रो, प्लाकियास, मातला ही लिबियन समुद्राकाठची गावे निसर्गप्रेमींना मोहात पाडतात. लुत्रोला केवळ बोटीने किंवा पायवाटेने जाता येते. वारा वाढला की बोटी रद्द होतात, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तेथे राहणे धोक्याचे. मोठी रुग्णालये प्रामुख्याने उत्तर किनाऱ्यावरील शहरांत आहेत. हृदयविकार, मधुमेह किंवा चालण्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांसह प्रवास असेल, तर दक्षिणेची गावे दिवसभराच्या सहलीपुरती ठेवणे शहाणपणाचे.

महिना आणि हवामान

जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी, दर आणि उष्णता तिन्ही शिगेला असतात. या काळात ‘मेल्तेमी’ हे उत्तरेचे वारे वाहतात आणि उत्तर किनाऱ्यावर समुद्र अनेकदा खवळलेला असतो. अलीकडच्या वर्षांत ग्रीक बेटांवर भर उन्हात एकट्याने डोंगरवाटांवर गेलेल्या पर्यटकांचे मृत्यू झाले आहेत. जुलै २०२५ मध्ये येरापेत्राजवळ लागलेल्या वणव्यामुळे हजाराहून अधिक लोकांना रातोरात हलवावे लागले. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. याच यंत्रणेमार्फत मोबाइलवर धोक्याचे इशारे पाठवले जातात. ते दुर्लक्षू नयेत.

महाराष्ट्रातील शाळांच्या उन्हाळी सुटीचा मे महिना क्रीटसाठी उत्तम असतो. समुद्राचे पाणी तेव्हा किंचित गार असले तरी डोंगर फुललेले असतात. पोहण्यासाठी सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पूर्वार्ध अधिक चांगला. दिवाळीची सुटी मात्र बहुधा हंगाम संपताना येते. नोव्हेंबरनंतर किनारी गावांतील बहुतेक हॉटेले बंद होतात; हिवाळी प्रवाशांनी हान्या, रेथिम्नो किंवा हेराक्लिओन या शहरांतच राहावे.

रात्रींची विभागणी

चार रात्रींपर्यंतच्या मुक्कामात एकच भाग निवडावा आणि उरलेल्याचा मोह सोडावा. सात रात्री असतील तर दोन मुक्काम करावेत : हान्यात चार आणि हेराक्लिओन किंवा आगिओस निकोलाओस येथे तीन. दहा रात्री असल्यास रेथिम्नो किंवा दक्षिणेतील एखादे गाव जोडता येईल. अथेन्सहून हान्या आणि हेराक्लिओन या दोन्ही विमानतळांना तासाभरात पोहोचवणारी विमाने आहेत. येताना एका, परतताना दुसऱ्या विमानतळाचे तिकीट घेतल्यास बेटाची लांबी पुन्हा कापावी लागत नाही. पिरेअस बंदरातून रात्री निघणारी जहाजेही दोन्हीकडे सकाळी पोहोचवतात.

आधी करावयाची कामे

ग्रीस शेंगेन क्षेत्रात असल्याने व्हिसाच्या अर्जासोबत निवासाचे आरक्षण दाखवावे लागते. म्हणजेच मुक्कामाचा निर्णय व्हिसापूर्वीच होतो. म्हणून आरक्षण रद्द करता येण्याजोगे घ्यावे. प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो असून किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

मोटार चालवायची असल्यास भारतातील परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना घेऊन जावा. वाहतूक उजव्या बाजूने चालते, आणि स्वयंचलित गिअरच्या गाड्या तुलनेने कमी असल्याने त्या आधीच ठरवाव्यात. वाहन न चालवणाऱ्यांसाठी उत्तर किनाऱ्यावरील शहरांदरम्यान ‘केतेल’च्या बसगाड्या नियमित धावतात.

खोलीभाड्याव्यतिरिक्त सरकारी शुल्कही भरावे लागते. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात ते प्रतिखोली प्रतिरात्र तीन तारांकित हॉटेलात ५, चार तारांकितमध्ये १० आणि पंचतारांकितमध्ये १५ युरो आहे. सात रात्रींच्या हिशेबात ही रक्कम दुर्लक्षिण्याजोगी नाही.

शाकाहारी प्रवाशांची क्रीटमध्ये उपासमार होत नाही. जवाच्या टोस्टवर टोमॅटो आणि ताजे चीज घातलेला ‘दाकोस’, ‘होर्ता’ म्हणजे ऑलिव्ह तेलातील रानभाज्या, भात भरलेल्या भाज्यांचे ‘येमिस्ता’ आणि डाळीसारखा ‘फावा’ सर्वत्र मिळतो. हान्या परिसरात बटाटा, कोवळा भोपळा आणि चीजचे ‘बुरेकी’ प्रसिद्ध आहे. मात्र उपवासाच्या पदार्थांना वापरला जाणारा ‘निस्तीसिमो’ हा शब्द शाकाहारी असा घेऊ नये. त्यात कोळंबी, माकूल किंवा गोगलगायही चालतात. तेव्हा विचारूनच मागवावे.

निर्णय घेताना तीन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून काढावीत : सोबत कोण आहे, महिना कोणता आहे आणि गाडी कोण चालवणार आहे. लहान मुले आणि बस असेल तर रेथिम्नो, चालण्याची आणि समुद्राची आवड असेल तर हान्या, इतिहासासाठी हेराक्लिओन, विश्रांती हवी आणि गाडी हाताशी असेल तर लासिथी. हॉटेलांची छायाचित्रे त्यानंतर पाहावीत.